तिसरी चिठ्ठी

घरात खोकी आली त्या आठवड्यात माझ्या सासूबाई आंधळ्या झाल्या.

दिसत तर त्यांना आधीपासूनच नव्हतं. माझा थोरला, योनास, पोटात होता तेव्हा खिडकीचा उजेडसुद्धा गेला. पण डोरोथेया-बासलना आंधळं म्हणायचं कुणाच्या मनात येत नसे. वयानं मोठ्या बाईला आमच्यात बासल म्हणतात, मग ती सासू का असेना. आणि मोठ्या पुरुषाला फेटर. तर सकाळची घंटा झाली की बासल डोक्याला काळा ठिपक्यांचा रुमाल बांधायच्या, दाराबाहेर येऊन उजवा हात पुढे करायच्या, आणि तो बरोबर कठड्यावर पडायचा. हा कठडा सासऱ्यांनी मरण्याआधी उभा केलेला, आमच्या दारापासून थेट सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. बासलच्या तळव्यानं त्याचं लाकूड इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यावर बर्फही नीट बसत नसे. पलीकडच्या टोकाला यूडिथ-बासल उभ्या असायच्या, आमच्या मुख्य स्वयंपाकीण.

"आल्या का राणीसाहेब? चला, बटाटे कधीचे वाट बघतायत."

"बटाटे नाही, तू वाट बघतेस. तुझ्या हातून साल जाड निघते म्हणून."

हे रोजचं. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वसाहतीत आल्या, आणि तेव्हापासून एकीनं बोलायचं आणि दुसरीनं तिला टोचायचं, असं चाललेलं.

मग खोकी आली.

आमच्यासारखी वसाहत, जिथे शेती, चूल, प्रार्थना सगळं एकत्र, फार वाढली की तिच्या दोन होतात, हे आम्ही पाळण्यापासून ऐकत आलेलो असतो. जेवणघरात बाकं पुरत नाहीत, वयात आलेल्या पोरांना हाताला काम उरत नाही. मग दूर कुठेतरी जमीन घेतात आणि निम्मी माणसं उठून तिकडे जातात. कोणती निम्मी, ते माणसांनी ठरवायचं नसतं. घरांचे आधी दोन गट पडतात. आमचं घर थोरले उपदेशक आंद्रेयास-फेटर यांच्या गटात, यूडिथ-बासलचं धाकट्या उपदेशकांच्या. मग दोन्ही गट सगळा संसार बांधून ठेवतात, जाणारे आणि राहणारेही, कारण कोण जाणार ते अजून कुणालाच ठाऊक नसतं. सगळं बांधून झालं की प्रार्थना होते, टोपीत दोन चिठ्ठ्या पडतात, आणि त्यातली एक देव काढतो. एका गटाचे ट्रक निघतात. दुसरा गट खोकी उघडतो आणि बशा पुन्हा फळीवर मांडतो.

तोवर मधल्या मधे राहायचं. जाणार असं धरून बाग वाळू द्यायची नाही, राहणार असं धरून एक चमचासुद्धा बाहेर ठेवायचा नाही. ही माती, ही घरं, ही बदकं, यातलं आपलं काही नाही, आपल्याकडे सांभाळायला दिलंय, हे लहानपणी पाठ केलेलं असतं. ते पाठ करणं सोपं होतं.

"हे कुणी ठेवलं इथं?" बासल एका पायावर उभ्या राहून नडगी चोळत होत्या.

"तुमच्या दारियसनं. तिकडच्या खोलीत जागाच नाही उरली."

"काल नव्हतं."

"काल भरलं नव्हतं."

"म्हणजे माझी नडगी आपल्या जागी होती, खोकं चुकलं," असं म्हणून त्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी खुर्ची हलली होती. तिसऱ्या दिवशी दाराकडची वाटच वळली होती. हळूहळू त्यांनी खाटेवरून उठणं कमी केलं. कठडा बाहेर होता तसाच होता, पण तिथवर पोचायचं कसं?

मीही घरातच होते. मर्था नुकतीच झाली होती, आणि बाळंतिणीला आमच्यात स्वयंपाकघर, बाग, कपडे धुणं सगळं माफ. बाळ सांभाळायचं, कोंबडीचं शेवया घातलेलं सूप प्यायचं, झोपायचं. योनास दिवसभर लहान मुलांच्या शाळेत. म्हणजे खोक्यांच्या मधल्या त्या बोळात आम्ही दोघीच, आणि तिसरी ही एवढीशी, मुठी आवळून झोपलेली.

"दे पोरीला इकडे," बासल म्हणायच्या.

मी मर्थाला त्यांच्या हातात द्यायचे.

"तुझा हात काढ, युस्टिना."

"काढलाय."

"माझ्या मनगटाखाली आहे. डोळे गेलेत माझे, कातडी नाही गेली."

मी हात काढला. पण बाजूला नेला नाही, तिथेच खाली, बोटभर अंतरावर धरला.

"आता हवेत ठेवलास," बासल म्हणाल्या.

मला लाज वाटली, पण हात तिथेच राहिला. या वसाहतीतल्या निम्म्या माणसांना बासलनी चमचा धरायला शिकवलं होतं. लहान मुलांची शाळा त्यांच्याकडे होती तेव्हा बायका तान्ही पोरं त्यांच्या ओटीत टाकून शेतावर निघून जायच्या, मागे वळूनसुद्धा बघायच्या नाहीत. माझा नवरा दारियसही त्यांच्याच हातचा. पण डोळे गेल्यापासून कुणी आपलं मूल त्यांच्याकडे देऊन पाठ वळवली नव्हती. मीही नाही.

दारियस सुतार. सगळा उन्हाळा तो आणि बाकीचे पुरुष सोमवारी नव्या जागी जायचे, तिकडे घरं उभारायचे, आणि शनिवारी परत यायचे. एका शनिवारी तो न्हाऊन डोकं पुसत बाहेर आला तेव्हा मी विचारलं, "कसं आहे तिकडे?"

"सपाट."

"आणि?"

"आणखी सपाट."

"दारियस!"

"वारा आहे. झाड एकही नाही. पाणी गोड लागतं." तो योनासला खांद्यावर घेऊन खोक्यांमधून वाट काढत होता. "माती चांगली आहे, युस्टिना. खरंच चांगली आहे."

"आपलं घर कुठलं असेल?"

"आपलं कशाला? जो येईल त्याचं."

"स्वयंपाकघर लांब आहे?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी कशाबद्दल विचारतेय ते त्याला कळलं होतं. "इथल्यासारखंच. मधे चिखल आहे, त्यावर फळ्या टाकल्यात."

"कठडा?"

"कुणासाठी लावू? दोन्ही गट मिळून ज्याला दिसत नाही असं माणूस एकच आहे. तिथं कठडा लावला की मी देवाला खूण केल्यासारखं होतं, ही चिठ्ठी काढ म्हणून."

"कठड्यानं देव फसतो का?"

"देव नाही गं. मी फसेन." त्यानं योनासला खाली ठेवलं. "आपण गेलो तर लावीन. जमीन गोठायच्या आत गेलो तर."

"आणि नाही तर?"

"माझ्याकडे उत्तर असतं तेव्हा मी कधी तुझ्यापासून लपवतो का?"

पडद्यापलीकडे बासल खाटेवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होत्या. त्यांच्या दातांचा आवाज मधेच थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

मला तो हिवाळा आधीच दिसायला लागला. अनोळखी खोली, खाटेचा काठ, त्यावर बसलेल्या बासल. जेवणाची घंटा झाली की सगळे जाणार आणि कुणीतरी त्यांचं ताट झाकून खोलीत आणणार. आमच्यात ताट खोलीत येतं ते आजाऱ्याचं. धडधाकट माणूस काम करतो आणि बाकावर आपल्या जागी बसून जेवतो. ज्याचं ताट एकदा खोलीत आलं, त्याची बाकावरची जागा हळूच भरून निघते. कुणी मुद्दाम करत नाही, बायका नुसत्या सरकून बसतात. आणि त्या खाटेच्या समोर, त्याच खोलीत, दोन लेकरं घेऊन मी.

यूडिथ-बासल रोज सूप घेऊन यायच्या, दारातूनच ओरडत. त्या दिवशी बासल झोपल्या होत्या. यूडिथ-बासलनी सूप ठेवलं, मर्थाच्या गालाला बोट लावलं, आणि आवाज खाली आणला. त्यांचा खालचा आवाज म्हणजे इतरांचा साधा आवाज.

"हे बघ पोरी. तुमचा गट गेला आणि आमचा राहिला, तर डोरोथेयाला माझ्याकडे ठेव."

"तुमच्याकडे?"

"खिडकीजवळ दुसरी खाट मावते. ती घोरते, मला माहितीय. मी तिच्याहून मोठ्यानं घोरते. कठडा आहे, बटाटे आहेत, मी आहे. तिकडे काय आहे? चिखल."

मी लगेच हो म्हटलं. फार लगेच. तोंडातून शब्द गेल्यावर मला माझाच सुटलेला श्वास ऐकू आला. तो श्वास बासलसाठी किती होता आणि माझ्यासाठी किती, ते मी स्वतःला विचारलं नाही. मर्था रडायला लागली, तिला घेतलं, विचारायचं राहून गेलं.

मग आंद्रेयास-फेटर बाळ बघायला आले. खुर्च्या एकावर एक बांधलेल्या, तेव्हा ते एका खोक्यावर बसले. "हे मजबूत आहे ना?"

"आत उशा आहेत, फेटर."

"मग पडलो तरी चालेल."

मर्थाच्या डोक्यावर हात ठेवून ते थोडा वेळ पुटपुटले. ते उठायच्या आत मी विचारलं. म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्या गटाबरोबर राहता येतं का?

"येतं. आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना तशी सवलत आहे." त्यांनी खाटेकडे पाहिलं. बासल मागच्या दारी कोवळ्या उन्हात बसल्या होत्या. "डोरोथेया काय म्हणते?"

"विचारते."

"आधी विचार. मग मला सांग."

"तुम्ही मनात धरून ठेवा फेटर. मी विचारतेच."

ते उठले. जाताना मात्र दारात थांबले. "युस्टिना, दोनच चिठ्ठ्या असतात हं."

मी विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू. बासल आपली लाकडी पेटी स्वतः भरत होत्या, त्यांच्या लग्नाची पेटी, कुणाला हात लावू देत नव्हत्या. झगे चाचपून घड्या घालत, मोजे जोडीनं गुंडाळत. इतकं नीट भरणाऱ्या बाईला कसं विचारायचं?

शेवटी यूडिथ-बासलनीच सांगितलं. सूप ठेवता ठेवता, भाजलेल्या टोस्टची पुडी माझ्या हातात कोंबता कोंबता, सहज. "आणि डोरोथेया, खाट मी भिंतीला लावून घेतली हो. खिडकीतून वारा येतो तुला आवडतो तसा."

"कुणाची खाट?"

"तुझी! आमचा गट राहिला तर. युस्टिनानं सांगितलं नाही?"

बासलच्या हातात मोज्याची जोडी होती. त्यांनी ती पेटीत ठेवली, वरून थोपटली. "नाही," त्या म्हणाल्या. "युस्टिना बाळंतीण आहे. तिच्या लक्षात राहत नाही."

यूडिथ-बासलनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता निघून गेल्या.

"बासल, मी विचारणार होते—"

"टोपीत दोन चिठ्ठ्या पडायच्या आधीच तू तिसरी टाकलीस. आणि काढलीसही."

"तुमच्यासाठीच, बासल. तिकडे कठडा नाही. जमीन गोठली की वसंतापर्यंत खांब रोवता येत नाहीत. तुम्ही आत अडकून पडाल."

"मी आत्ताही अडकलेलीच आहे." त्यांनी हात पुढे केला, तो एका खोक्याला लागला, दुसरा दुसऱ्या खोक्याला. "मी काही म्हटलं का? तो ठेवील तिथे राहायचं, इतकंच मला येतं. मुलं सांभाळली तेव्हा तीही त्याचीच समजून सांभाळली. घाबरत नव्हते असं नाही. रोज घाबरायचे. पण कुणाच्या आईला मी म्हटलं नाही की हे पोर मला झेपत नाही, दुसरीकडे ठेव."

त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता चिठ्ठी निघू दे," असं म्हणून त्यांनी पेटीचं झाकण लावलं. त्यानंतर चिठ्ठीच्या दिवसापर्यंत आम्ही दोघी त्या बोळात मीठ दे, पाणी दे एवढंच बोललो. दारियसला मी सांगितलं. त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाला, "तिला सोपं पडेल ते व्हावं असं मलाही वाटतं गं. पण सोपं कुणाला, ते मला कळेनासं होतं."

चिठ्ठीचा दिवस कोरडा, लख्ख होता. शेजारच्या वसाहतीतले म्हातारे उपदेशक टोपी धरायला आले होते. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, सगळ्यात मागे तान्ह्या पोरांच्या आया. घराघरात एकही भांडं बाहेर नव्हतं. सकाळची कॉफीसुद्धा स्वयंपाकघरातल्या उसन्या कपांतून प्यालो होतो. प्रार्थना लांबली. मर्था माझ्या छातीशी गरम गठडीसारखी झोपली होती आणि मी देवाकडे काय मागत होते ते मला सांगता येणार नाही. राहू दे, म्हणत होते. मग वाटायचं, आपण राहिलो तर यूडिथ-बासल जाणार. मग कठडा असून पलीकडच्या टोकाला कोण? असं कुठलंही टोक धरलं तरी दुसरं सुटत होतं.

टोपीत हात गेला. कागद उलगडला. आंद्रेयास-फेटरचा गट जाणार.

कुणी मोठ्यानं रडलं नाही. फक्त बायकांच्या बाजूला सगळ्यांचे रुमाल एकदम खाली झुकले.

दुसऱ्या दिवशी ट्रक भरले. सगळ्याची वाटणी आधीच झालेली: पातेली, बदकं, लोणच्याच्या बरण्या, सुऱ्या, सगळं समसमान. यूडिथ-बासल कठड्याच्या टोकाला उभ्या होत्या आणि त्यांचं नाक लाल झालं होतं. बासल कठडा धरून सावकाश त्यांच्यापर्यंत गेल्या.

"यावर मी आता फडकी वाळत घालणार," यूडिथ-बासल कठड्यावर थाप मारून म्हणाल्या.

"घाल. पिळून घाल पण. तुझी फडकी नेहमी गळतात."

यूडिथ-बासलनी ॲप्रनच्या खिशातून आपली बटाट्याची सुरी काढली आणि बासलच्या तळव्यावर ठेवली. लाकडी मुठीची, पातं झिजून चिंचोळं झालेलं.

"अगं, वाटणी झालीय," बासल म्हणाल्या. "आमच्याकडे एक जास्त होईल."

"मग तुझी दे."

बासलनी आपली सुरी काढून दिली. दोघींनी मुठी चाचपल्या. "सत्यानाश," यूडिथ-बासल म्हणाल्या. "हिला धारच नाही."

मी मर्थाला घेऊन शेजारी उभी होते. ट्रक सुरू झाले होते. आता विचारल्यावाचून सुटका नव्हती. आंद्रेयास-फेटर थोडे लांब थांबले होते आणि दुसरीकडे बघत होते, ते मुद्दाम.

"बासल, तुम्हाला राहायचं असेल तर—"

"मला तू राहू देतेस, की ठेवून जातेस?"

एवढंच विचारलं त्यांनी. आवाजात राग नाही. खरंच जाणून घ्यायचं असावं असं विचारलं. मी तोंड उघडलं, आणि जे खरं होतं ते दोन्ही होतं. म्हणून काहीच निघालं नाही.

त्यांनी यूडिथ-बासलची सुरी ॲप्रनच्या खिशात ठेवली. मग कठड्यावरचा हात उचलला आणि समोर धरला. "दारियस, कुठे आहेस? मला वर चढव."

नवी जागा दारियसनं सांगितली होती तशीच होती, सपाट, आणि मग आणखी सपाट. आम्ही पोचलो आणि आठवड्याच्या आतच जमीन दगडासारखी झाली. दारियसनं पहार मारून बघितली, ठिणगी उडाली. तो पहार टेकवून ठेवून गोठ्याचं छप्पर पुरं करायला गेला. गाईगुरांना आधी निवारा हवा होता.

आणि मी आधीच बघून ठेवलेला हिवाळा घरात आला. खोली, खाटेचा काठ, बासल. खोकी उघडून झाली होती, पण ही खोली त्यांच्या हाताला ओळख देत नव्हती. माझी बाळंतपणाची सूट संपली. मी मर्थाला पाठुंगळी बांधून, नाहीतर बाबागाडीत घालून स्वयंपाकघरात जाऊ लागले. बासलचं ताट झाकून मीच आणायचे. त्या जेवायच्या, "छान झालंय" म्हणायच्या, अर्धं ठेवायच्या. यूडिथ-बासलची सुरी उशीखाली. कधी मी आत यायचे तेव्हा त्या ती हातात धरून नुसत्या बसलेल्या असायच्या. बाकावर त्यांच्या जागी अजून कुणी बसलेलं नव्हतं, पण दोन्हीकडच्या बायका जरा सैल बसू लागल्या होत्या.

मी धरून नेईन म्हटलं होतं. पहिल्या दिवशी नेलंही. फळ्यांवर बर्फाचा पातळ पापुद्रा, माझ्या एका हातात बाळ, एका हातात त्या. त्यांनी माझा दंड इतका घट्ट पकडला की वळ उठले. पोचलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या चार बायका धावत आल्या, खुर्ची दिली, शाल दिली, कॉफी दिली. बटाटे कुणीच दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी बासल म्हणाल्या, आज गुडघा दुखतोय.

मी मर्थाला पाजताना त्यांच्याकडे बघायचे आणि वाटायचं, मी यांना ठेवून यायला हवं होतं. मग वाटायचं, मी एक शब्द बोलले असते तर यांना निवड तरी उरली असती. दोन्ही वाटांवर मीच आडवी होते.

एका सकाळी मी निघायची तयारी करत होते. मर्था बाबागाडीत, दोन गोधड्यांत गुंडाळलेली, नुसतं नाक बाहेर. बोळकं पसरून हसायला नुकतीच शिकलेली. मी दार उघडलं तर मागून बासल उठल्या. रुमाल बांधलेला होता. ॲप्रनही.

"ती गाडी इकडे कर."

"काय?"

"बाबागाडी. तिचा दांडा माझ्या हातात दे. कठडा मागे ठेवून आलो ना? ही पुढून चालेल, मी मागून. फळीवरून चाक घसरलं तर मला हातात कळेल."

मला ते पटलं. पटलं म्हणूनच मी चटकन वाकले आणि मर्थाला उचलायला लागले.

"तिला कशाला काढतेस?"

"तुम्ही आधी रिकामी ढकलून बघा, बासल."

"परवा तू नव्हतीस तेव्हा दाराबाहेर रिकामी ढकलून बघितली. वाऱ्यानं फिरते. चाकं फळीला धरतच नाहीत, टुणटुण उडतात. पडले मी."

"पडलात? मला सांगितलं नाहीत?"

"तू तरी कुठे सगळं सांगतेस?"

मी मर्थाची गोधडी पुन्हा खोचली. मग सुचलं. "मग बटाट्याचं लहान पोतं ठेवते. वजन होईल."

बासल हसल्या. नव्या जागी आल्यापासून पहिल्यांदा. "पोत्यासाठी कोण जपून चालतं गं, युस्टिना?"

बाहेर फळ्यांची ती वाट मला दिसत होती, राखाडी, मधे मधे पांढरी. एका बाजूला दारियसनं रचलेल्या लाकडांची थप्पी. बाकी सगळं मोकळं, आणि वारा. मर्था जागी होती. ती टकमका वर बघत होती, तिला दोघींपैकी कुणी चाललं असतं.

ती माझी नाही, देवाची आहे, असं मीच किती वेळा म्हटलेलं. आंद्रेयास-फेटरनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा म्हटलेलं, आमेन म्हणतात तसं, न थांबता. माझे हात गाडीच्या दांड्यावर होते आणि ते निघत नव्हते. बासल शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी घाई केली नाही. वारा त्यांचा रुमाल ओढत होता.

"बासल," मी म्हटलं, "त्या दिवशी ट्रकजवळ... मी दोन्ही करत होते. राहू देत होते, आणि ठेवूनही जात होते."

"माहितीय मला."

"मग तुम्ही आलात का?"

"मर्था झाल्यापासून तू तिला एकदाही नीट माझ्या हातात दिली नव्हतीस. तशीच सोडून कशी राहू?" त्यांनी दांडा चाचपला, माझ्या बोटांना त्यांची बोटं लागली. "हात काढ."

मी एक काढला.

"दुसरा."

तोही काढला.

"हवेत नको."

मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं.

गाडी उंबऱ्यावरून उतरली. चाकं फळीवर आली आणि आवाज बदलला, पोकळ, लाकडाचा. बासल सरळ चालत नव्हत्या; जरा उजवीकडे, मग चाक काठाला आलं की थांबून डावीकडे. जवळच्या घरातली एक बाई दारात आली, तिनं बघितलं, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती तिथेच थिजली.

थप्पीपाशी गाडी थांबली. मर्था रडायला लागली होती. मला इथवर ऐकू येत होतं, आणि माझ्या अंगावरच्या दुधालाही. माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला. बासल वाकल्या. गाडीत हात घालून त्यांनी गोधडी चाचपली, सारखी केली, काहीतरी बोलल्या. तेच काहीतरी, जे दारियसला, त्या बाईला, आंद्रेयास-फेटरच्या पोरांना, सगळ्यांना कधी ना कधी म्हटलं असेल. रडणं बारीक झालं. चाकं पुन्हा वाजायला लागली.

मी पाय आत घेतला.

स्वयंपाकघराचं दार उघडलं तेव्हा वाफेचा लोट बाहेर आला आणि दोघी त्यात दिसेनाशा झाल्या. आतून कुणीतरी घाबरून ओरडलं, आणि त्यावर बासलचा आवाज चढला, चांगला खणखणीत, इतक्या दिवसांत न ऐकलेला: "ओरडायला काय झालं? दार लावा, पोरीला वारा लागतोय. आणि खुर्ची नको मला. बटाटे कुठायत?"

दार लागलं. मी चौकट धरून उभी राहिले. मग आत गेले, त्यांची खाट आवरली. उशीखाली हात घातला. सुरी नव्हती.